उत्तमरावांचा सडकेचा जोडा

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आपला कारभार आता मुंबईहून चालतो, हे बोरखेडीच्या लोकांना ऐकून माहीत होतं. पण सोनाळ्याच्या सडकेपासून गावापर्यंत जी गिट्टी पसरून ठेवली होती, तिच्यावर रूळ फिरवायला मुंबईहून काही कोणी आलं नव्हतं. बैल त्या गिट्टीवर पाय ठेवायला तयार नसत. माणसांना बैलाएवढी अक्कल नसल्यामुळे ती रोज तिच्यावरून जात-येत.

अशा गावात सेवा सहकारी सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक आली. उभे दोघंच, उत्तमराव आणि अर्जुनराव. कमिटीची मतं पडली ती अगदी निम्मी निम्मी. तपासायला आलेल्या साहेबाने सांगितलं, चिठ्ठी टाका, नाहीतर दोघांपैकी एकाने नाव मागं घ्यावं. पाडव्यानंतर येतो, तोवर ठरवून ठेवा. चिठ्ठीला दोघंही तयार नव्हते, कारण आपल्या नशिबावर दोघांचाही भरवसा नव्हता. आणि नाव मागं घेण्यापेक्षा नाक कापून दिलं असतं.

त्यातून उत्तमरावांची तहान मोठी होती. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी होती, ती सरकारने कायदा करून काढून घेतली. वावर होतं, विहीर होती, सोप्यात झुला होता, पण नावाला चिकटवायला काही उरलं नव्हतं. लोक नुसतं ‘उत्तमराव’ म्हणायला लागले होते, आणि ते त्यांना उघडं पडल्यासारखं वाटे. ‘चेअरमन’ हा शब्द त्यांनी एकट्याने, आरशासमोर, स्वतःला उद्देशून म्हणून पाहिला होता. चांगला बसत होता.

एक दिवस मारुतीच्या पारावर हाच खल चालला होता. डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन मनकर्णाबाई चालली होती. तिचा मुलगा मोतीराम उत्तमरावांकडेच सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीने बांधलेला गडी. म्हातारी थांबली आणि म्हणाली, “सोसायटीच्या कामासाठी बुलढान्याले धावा लागते म्हनता न? मंग पळवून पाहा दोघायले. फाट्यालोक जाऊन जो पयले वापस येईन, थो चेरमन. जो हारला त्यानं नाव मांगं घ्यावं.”

पार हसला. दोघा उमेदवारांची पोटं पाहिलेल्या कोणालाही हसू आलंच असतं. पण हसता हसता कोणीतरी म्हणालं, “अर्जुनरावाले काही जमनार नाही.” अर्जुनराव म्हणाले, “काऊन नाही जमनार?” मग उत्तमरावांना म्हणावंच लागलं, “मी तं आजबी धावतो.” दिवेलागणीपर्यंत थट्टेचा कायदा झाला. पाडव्याच्या दिवशी, जेवणाआधी, मारुतीच्या पारापासून फाट्यापर्यंत आणि परत. निवाडा करणार भगवानराव, कारण गावात सर्वांत म्हातारे तेच आणि सर्वांत जास्त सालदारही त्यांचेच.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव एस. टी. धरून खामगावला गेले. जन्मात कधी न धावलेल्या माणसाचा पक्का समज असतो, की धावणं हे जोड्यात असतं.

दुकानदाराने विचारलं, “धावायसाठी? कोणाला पाहिजे?”

“पुतन्याले,” उत्तमराव म्हणाले.

“पाय केवढा आहे त्याचा?”

“माह्याएवढाच.”

दुकानदाराने एकदा त्यांच्या पायाकडे पाहिलं, एकदा पोटाकडे, आणि पुतण्या कोण ते ओळखलं. पण गिऱ्हाइकाला खोटं पाडून कोणाचं दुकान चाललं आहे? त्याने विचारलं, “धावणार कुठं? सारवलेल्या सपाट जागेवर, का सडकेवर?”

हा प्रश्न उत्तमरावांना फार आवडला. प्रश्नात शास्त्र होतं. ते म्हणाले, “आधी खळ्यावर. सराव खळ्यावर करनार. मंग सडकेवर.”

“मग गोष्ट वेगळी,” दुकानदार म्हणाला. “खळ्यावर हलका पाहिजे. पातळ तळाचा, कापडी, पाय मोकळा राहील असा. तोच सडकेवर घातला तर गिट्टीचा एकेक खडा मोजून घ्याल. सडकेला जाड रबराचा तळ पाहिजे, टाच घट्ट धरणारा, पुढं बोटभर जागा. पण तो खळ्यावर घालून फिरलात तर पाय भट्टीत घातल्यासारखा होईल. एकच जोडा दोन्हीकडं नाही चालत.”

“दोन्ही बांधा,” उत्तमराव म्हणाले. चेअरमनला शोभेल असं ते एकच वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं.

बांधता बांधता दुकानदार म्हणाला, “हा सडकेचा नवा आहे तोवर चावेल. रोज थोडा घालून फिरवा, म्हणजे नरम पडेल.”

आता हे सांगणं सरळ होतं. खामगावच्या कोणालाही कळलं असतं. पण उत्तमरावांच्या घरी नवं आणि टणक जे जे येई, त्याला आधी सालदार लागे. नवा गोऱ्हा आला की त्याच्या लाथा पहिल्यांदा सालदाराने खायच्या. वडिलांचे चामडी जोडे नवे येत, तेव्हा मोतीरामचा बाप ते तेल पाजून महिनाभर पायात मुरवायचा, आणि चावायचे थांबले की थोरल्या पाटलांच्या पायात जायचे. तेव्हा दुकानदाराने ‘घालून फिरवा’ म्हटल्यावर ‘कोणी’ हा प्रश्न उत्तमरावांच्या मनात आलाच नाही. उत्तर घरी गोठ्यात शेण भरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. हरभरा नुकताच घरात आला होता, खळं मोकळं आणि गुळगुळीत होतं, चारी बाजूंनी कडब्याच्या गंजी असल्यामुळे कोणाला आतलं दिसत नव्हतं. पाटलाने पळू नये, पाटलाने पळवावं, असं उत्तमरावांचे वडील म्हणत. म्हणून पळायचं ते आडोशालाच बरं. मळणीला बैल फिरतात तसे, मधल्या मेढीभोवती, पांढरा कापडी जोडा घालून, उत्तमराव गोल गोल धावू लागले. मेढ डाव्या हाताला ठेवून, कारण बैलही तसेच फिरत. दोन-तीन फेरे झाले की मेढीला टेकून उभे राहत आणि पुष्पाबाईंनी ठेवलेल्या डब्यातून एक लाडू खात.

पुष्पाबाई त्यांच्या पत्नी. दोन दिवस त्यांनी हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “मुसकं आनू का?”

“कायचं मुसकं?”

“मळनीच्या बैलाले बांधते न आपुन, फिरता फिरता तोंड मारू नये म्हनून.”

उत्तमरावांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात बायकांनी असं बोलायचंच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

इकडे सडकेचा जोडा मोतीरामच्या हाती गेला. हाती म्हणजे खरोखर हाती. गड्यामाणसाने मालकाच्या आळीतून पायात जोडा घालून जायचं नाही, अशी गावाची रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती. लिहिलेल्या गोष्टी सरकार कायदा करून काढून घेतं, न लिहिलेल्या टिकतात. तर मोतीराम तो तपकिरी जोडा छातीशी धरून, अनवाणी, साऱ्या गावातून जायचा. शेवटचं घर मागं पडलं की खाली बसून पायात घालायचा, फाट्यापर्यंत धावत जायचा, धावत यायचा, आणि त्याच घरापाशी पुन्हा काढून हातात घ्यायचा.

“पळतांना गिट्टीवरूनच पळजो,” उत्तमराव त्याला बजावत. “बाजूच्या मातीतून नोको. जोड्याले सडकेची सवय झाली पाह्यजे.”

“हाव, मालक.”

“चावते का?”

“पयले चावला. आता नाही चावत.”

उत्तमराव खूश झाले. त्यांच्या हिशेबाने अर्धी शर्यत जिंकून झाली होती. गिट्टी जोड्याने पाहिली, दम मोतीरामने भरला, आता पायात जोडा चढवला की हे सगळं आपोआप वर येणार. विहिरीला मोट लावली की पाणी येतं तसं.

आणि अर्जुनराव? त्यांनी काहीच केलं नाही. त्यांच्या घरात कपाटाची किल्ली बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, कमरेला असे, आणि पळायच्या जोड्याला पैसे मागायची त्यांची छाती झाली नाही. ते जुन्याच वहाणा घालून पारावर बसत आणि म्हणत, “पाहू.”

पाडवा उजाडला. घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाचा पाला वाटला गेला. उत्तमराव त्या सकाळी दुसऱ्या कशात नव्हतेच. त्यांनी स्वतःच्या हाताने सडकेच्या जोड्याला तेल लावलं, फडक्याने पुसलं आणि महिन्याने पहिल्यांदा त्यात पाय घातला.

जोडा अगदी नरम झाला होता, यात शंका नाही. फक्त तो मोतीरामच्या पायाएवढा नरम झाला होता. जन्मभर अनवाणी फिरलेला तो पाय. बोटं फाकलेली, चवडा पाटासारखा रुंद. जोडा पुढून तसाच पसरला होता. उत्तमरावांचा पाय अरुंद, गुबगुबीत, झुल्यावर वाढलेला. तो आत गेला आणि इकडून तिकडे हिंडू लागला.

“सैल झाला काय बे?” त्यांनी विचारलं.

“मले तं बरोबर होते, मालक,” मोतीराम म्हणाला. बिचारा खरं बोलला.

पारापाशी सारं गाव जमलं होतं. भगवानरावांनी उपरणं खाली टाकलं आणि दोघं सुटले. उत्तमराव धडाक्यात निघाले, एवढं कबूल करायला हवं. शेवटच्या घरापर्यंत ते चांगले पुढं होते. पुढं गिट्टी लागली. जोडा टाचेला फटाक फटाक वाजू लागला. त्यातून सडक सरळ आणि उत्तमरावांची सवय डावीकडची, दर थोड्या वेळाने ते वळत वळत बाभळीच्या कुंपणाकडे जात आणि मागून पाण्याची छागल घेऊन येणारा मोतीराम ओरडे, “मालक, सडक इकडं हाय!”

फाटा आला तेव्हा दोन्ही टाचांची सालं निघाली होती. उत्तमराव मैलाच्या दगडावर बसले ते बसलेच. बऱ्याच वेळाने अर्जुनराव आले, चालत, जुन्या वहाणा फरफटत, तोंडात पान. पळायचं ठरलं होतं, पण किती जोरात ते ठरलं नव्हतं. त्यांनी दगडाला हात लावला, “रामराम उत्तमराव. बसले?” म्हणाले आणि आले तसे परत निघाले.

त्यांची पाठ लांब जाताना पाहून उत्तमरावांचे डोळे भरून आले. टाचांमुळे नव्हे. चेअरमनकी चालली होती, वहाणा फरफटत चालली होती. त्यांनी जोडा ओढून काढला आणि मोतीरामपुढं टाकला.

“घाल.”

“मी?”

“घाल बे! जोडा माहा, सालदार माहा, मंग पळनं कोनाचं? माहंच न? पळ!”

मोतीरामला सांगितलेलं काम करायची सवय होती. त्याने छागल खाली ठेवली, जोडा घातला आणि सुटला. अर्जुनरावांनी तोंडातलं पान थुंकून मागं पाहीपर्यंत तो त्यांना ओलांडून गेला. कडब्याची एक गाडी बाजूच्या मातीतून गावाकडे चालली होती, तीत बसून उत्तमराव पारापाशी पोचले, तोवर तिथं बोंबाबोंब माजली होती.

“हे कायची शर्यत?” अर्जुनराव धापा टाकत म्हणत होते. “मी पळलो उत्तमरावासंगं, आन आला मोतीराम!”

भगवानरावांनी हात वर केला. “अर्जुनराव, शांत बसा. तुमचं वावर कोन वाह्यते?”

“सालदार.”

“मंग पीक कोनाचं?”

अर्जुनरावांना ‘सालदाराचं’ म्हणण्याची सोय नव्हती, त्यांच्याकडेही दोघं होते.

“उत्तमरावच्या आजानं विहीर खंदली म्हनते सारं गाव,” भगवानराव पुढं म्हणाले. “आजानं कुदळ पाह्यली तरी होती का? गड्याचं काम थे मालकाचं काम. मोतीराम आला म्हंजे उत्तमराव आले.”

पारावर बसलेल्या सगळ्या माना हलल्या. ज्यांच्या माना हलल्या त्या सगळ्यांकडे सालदार होते. आणि सालदार मागं उन्हात उभे होते, त्यांच्या मानांचं कोणी विचारलं नव्हतं. झेंडूचा हार पुढं आला. उत्तमरावांनी गाडीतून उतरून मान खाली केली.

“पन भगवानराव, आज पाडवा हाय न?” मनकर्णाबाई बायकांतून बोलली.

“हाय. मंग?”

“मंग साल कालच सरलं. नव्या सालाचा विडा दिला का यायनं माह्या पोराले?”

हार हवेत थांबला. पाडव्याच्या सकाळी मालकाने सालदाराच्या हातात विड्याचं पान ठेवायचं, त्याने ते घेतलं की पुढचं साल बांधलं; ही रीत उत्तमरावांना काही नवी नव्हती. पण त्या सकाळी ते जोड्याला तेल लावत होते. म्हणजे सूर्य उगवल्यापासून मोतीराम कोणाचाच नव्हता. तो धावला तेव्हा जगात त्याला मालक नव्हता.

उत्तमरावांनी घाईघाईने बंडीच्या खिशातून पानाची चंची काढली. अर्जुनरावांनी त्याहून घाईने आपली काढली. मोतीरामच्या नाकासमोर दोन विडे एकदमच आले. ज्याचा विडा घेईल तो चेअरमन, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मोतीरामला जन्मात पहिल्यांदा कोणी काही विचारत होतं, आणि तेही दोघं मिळून. अर्जुनराव तर जवळजवळ वाकले होते.

मोतीरामने खाली पाहिलं. पायात जोडा होता. सगळं गाव समोर, आणि तो भर पारापाशी जोडा घालून उभा होता. गडबडीत ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मालक,” तो उत्तमरावांना म्हणाला, “विडा तुमचाच घेतो. पन हा जोडा मले पाह्यजे. आन मी थो गावातून घालून फिरीन. हातात नाही धरनार.”

उत्तमरावांच्या कानात वडिलांचा आवाज घुमला असावा, पण समोर हार लोंबत होता. पाटीलकी गेली ती गेली, आता हेही जाऊ द्यायचं? एका जोड्यापायी?

“दिला,” ते म्हणाले. “तुहा झाला. कुठूनबी घालून हिंड.” आणि विडा त्याच्या हातावर ठेवला. मोतीरामने मूठ मिटली.

मागं उन्हात उभे असलेले सालदार एकमेकांकडे बघू लागले. मग आपापल्या पायांकडे. मग आपापल्या मालकांकडे. भगवानरावांचे पाचही गडी त्यांच्याकडेच बघत होते, त्यांचेही विडे अजून द्यायचे होते, आणि पाडव्याचा दिवस अजून मावळायचा होता.

भगवानरावांनी घसा खाकरला. “उत्तमराव, मी काय म्हंतो. शर्यत कोनाची ठरली होती? तुमची न अर्जुनरावची. मंग मोतीरामचा इथं संबंध काय?”

“म्हंजे?”

“मानूस पळते थो आपल्या पायानं पळते. अर्जुनराव आपल्या पायानं आले. तुमी कडब्यावर बसून आले.”

“भगवानराव! आत्ताच तं म्हनत होते तुमी, वावर कोन वाह्यते...”

“वावराची गोठ येगळी,” भगवानराव म्हणाले. “वावर थे वावर. पाय थे पाय.”

पारावरच्या सगळ्या माना पुन्हा हलल्या, मघाच्याच माना, मघासारख्याच. हार उत्तमरावांच्या कानाला घासून अर्जुनरावांच्या गळ्यात पडला. अर्जुनरावांनी चंची मिटून खिशात ठेवली आणि चेअरमनच्या आवाजात विचारलं, “जेवाले जाचं न आता?”

लोक पांगले. कडब्याची गाडीही निघून गेली होती. उत्तमरावांच्या पायात काही नव्हतं आणि चैत्राची दुपार अशी, की भाकर तव्याऐवजी जमिनीवरच भाजावी. सण असल्यामुळे सालदाराचं जेवण मालकाच्याच घरी होतं. त्यामुळे मोतीराम त्याच वाटेने पुढं चालला होता, मोठ्या आळीतून, जोडा वाजवत. लोक घराघरांतून ओट्यावर आले होते. ते मोतीरामच्या पायांकडे बघत, आणि मग मागून नाचत येणाऱ्या उत्तमरावांच्या पायांकडे. एक पाय टेकावा तर टाच झोंबे, दुसरा टेकावा तर तळवा भाजे. इतकी लाज उत्तमरावांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. रागवावं तर कोणावर, तेही सुचत नव्हतं. विडा त्यांनीच दिला होता, शब्दही त्यांचाच होता.

आळीच्या मध्यावर मोतीराम थांबला आणि वळून म्हणाला, “मालक, घालता का जोडा? मले काही भाजत नाही.”

उत्तमरावांनी ओट्यांकडे पाहिलं. सगळी आळी कान देऊन होती. सालदाराच्या पायातला जोडा मागून घ्यायचा, तोही त्याचा स्वतःचा?

“नोको,” ते म्हणाले. “तू जरा हळू चाल बे, म्हंजे झालं.”

मोतीराम हळू चालू लागला. जोडा मात्र त्याने काढला नाही.